गिरजानं अर्धं चोळलेलं धनुष्य

फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात जवसाचं तेल घेत होतो. शेजारची सलमा बोलत होती. "चाचा, जल्दी आव. चाची उठ नै रई." बाटली काखेत धरून रिक्षात बसलो. घरी आलो तर माझी बायको, गिरजा, खिडकीखाली भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर धनुष्य. डोळा लागल्यासारखी... मी म्हणालो, आणलं गं तेल.

लोक म्हणतात, सुटली. सुटली कशातून? चांगली कामात होती.

मी जन्मभर फर्निचरला पॉलिश केलं. कपाटं, पलंग, खुर्च्या. धनुष्य पहिल्यांदाच आलं. तिरंदाजी शिकवणाऱ्या एक मॅडम हायत, त्यांच्या वडलांचं. लाकडी, लई जुनं, वरचा लेप पापुद्र्यासारखा सुटलेला. मॅडमला ते दसऱ्याला पुजायचं होतं, आणि पुजून झालं की वडलांच्या नावानं त्यातून एक बाण सोडायचा होता. मी जुनं खरवडून चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश मारलं. आरशासारखं चमकलं. मग दोरी चढवून जरा ओढलं, तर बारीक कडकड झाली आणि पॉलिशवर चिरांचं जाळं. गिरजा भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "कपाट समजलात काय? वाकणाऱ्या लाकडाला तेल पाजावं लागतं."

"तुला काय कळतं धनुष्यातलं?"

"धनुष्यातलं नाय कळत. बापाच्या काठीतलं कळतं."

देवगाव रंगारीची ती. तिचा बाप काठीला दरसाल जवसाचं तेल चोळायचा.

मी पुन्हा सगळं खरवडलं आणि धनुष्य तिच्या हातात दिलं. फडक्यानं तेल लावायची, मग नुसत्या तळहातानं चोळायची, लाकूड गरम होईस्तोवर. दुपारभर तेच. ऊन खिडकीतून तिच्या पदरावर यायचं, तिथून भिंतीवर चढायचं... लाकूड हळूहळू मधाच्या रंगाचं होत जायचं. मला डुलकी लागायची. डोळे उघडले तरी तिचा हात चालूच. ती खरंच चोळतीय का मी स्वप्नात बघतोय, कळायचं नाय. धनुष्याच्या मुठीच्या वरची बाजू तिनं पुरी केली. खालची राहिली.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मॅडम आल्या. "काका, राहिलेलं दुसऱ्याकडून करून घेऊ का?" मी नाय म्हणालो. दुसऱ्यानं रंग एक व्हावा म्हणून वरची बाजूपण खरवडली असती. तिचा हात भुशात गेला असता.

मग तिच्या जागी मी बसलो. पण खालची बाजू नीट जमली तर वरची तिची म्हणून ओळखू येणार नाय, हे मला दिसत होतं. म्हणून मुद्दाम सुस्त चोळलं. मॅडमचा फोन आला की म्हणायचो, अजून वाळलं नाय. एका दुपारी ऊन भिंतीवर चढलं, खोली सगळी पिवळी झाली... गिरजा समोर येऊन बोलली असं मी सांगणार नाय. पण असती तर म्हणाली असती, "हात मेलाय का तुमचा? लोकाचं काम हाय." मग चोळलं. तिच्यासारखं, लाकूड गरम होईस्तोवर.

दसऱ्याला मैदानावर मॅडमनी दोरी ओढली. मी कान देऊन उभा. कडकड नाय, काही नाय. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या, बाण गेला. मॅडम डोळे पुसत माझ्याकडं आल्या, धनुष्य आडवं धरलं. "काका, यात काकूंची बाजू कोणती?"

मी बघितलं. हात फिरवला. पुन्हा फिरवला...

"आता नाय सांगता येत," म्हणालो.

घरी खिडकीखालच्या खुंटीवर तिचा तेलाचा फडका हाय. जवसाचं तेल वाळलं की कडक होतं. तो तिच्या मुठीत चुरगळला तसाच वाळलाय, बोटांच्या जागा दिसतात. सून म्हणते, टाकून देऊ का. मी म्हणतो, राहू दे. सरळ करायला गेलं तर मोडंल.