बेचाळीस पानांवरची सही

मृदुला रणनवरेला पगार मिळतो तो दुसऱ्यांवर विश्वास न ठेवण्याचा. बडोद्याच्या पादरा रस्त्यावरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती तक्ते तपासते. कुणी काय तोललं, किती वाजता, कोणत्या काट्यावर, आणि हे खरंच घडलं की खुर्चीत बसून लिहिलं, ते शोधायचं. पटलं तर खाली सही करायची. तिची सही झाली की गोळ्या गोदामातून बाहेर पडतात. मनाने लिहिलेले आकडे फार शहाण्यासारखे वागतात, असं ती म्हणते. अकरा वर्षांत तिने असे इतके आकडे पकडले आहेत की नवी मुलं पाठीमागे तिला सीबीआय म्हणतात.

तपासणाऱ्या तिघी होत्या. दोघी गेल्या वर्षी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागा भरल्या नाहीत. तिघींचे तक्ते एकटीच्या टेबलावर यायला लागले. मार्चपर्यंत तिची अवस्था अशी झाली की एकच ओळ चारदा वाचावी आणि पाचव्यांदा वाचताना ती नवीन वाटावी. घरी आल्यावर ती जिन्याखाली स्कूटर लावून वीस-वीस मिनिटं तिच्यावरच बसून राहायची. एकदा दूध उतू गेलं, ते ती समोर उभं राहून बघत होती.

कंपनीने ‘वेलनेस’चं सत्र ठेवलं. अहमदाबादहून आलेल्या बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवून हसायला लावलं आणि शेवटी एक फॉर्म दिला. थकल्यासारखं वाटतं का? मृदुलाने ‘नाही’वर खूण केली. फॉर्मवर नाव नव्हतं, पण कर्मचारी क्रमांक होता. असले कागद कुठे जातात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता टेबलावर बेचाळीस पानं होती आणि गोदामातून तिसरा फोन आला होता. तिने बेचाळीस सह्या केल्या. एकही पान वाचलं नाही.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. रणनवरे कुटुंब फतेगंजच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतलं. सासरे नगरहून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हापासूनचं. तिथे भाकर आणि द्राक्षरसाच्या लहान पेल्यांचं ताट बाकावरून हातोहात फिरतं. मृदुलाच्या हातात ताट आलं आणि तिने ते तसंच शेजारी दिलं. या मंडळीत ताट सोडण्याचा एकच अर्थ घेतात: कुणाशी तरी वैर आहे आणि ते मिटलेलं नाही. उपासना संपून लोक गाड्यांपर्यंत पोहोचायच्या आत वैर कुणाशी तेही ठरलं. सासूशी, दुसरं कुणाशी असणार?

सासूबाई, पद्माबाई, घरी येऊन पंख्याखाली बसल्या. मग म्हणाल्या, “मी काय केलं गं तुझं?”

“तुम्ही काही नाही केलंत, आई.”

“मग स्नेहलने केलं?”

“त्यानेही नाही.”

“मग तुला एवढं कुणी छळलं, म्हणून ताट सोडलंस?” त्या दिवशी पद्माबाईंनी स्नेहल आणि मृदुला, नवरा-बायको दोघांवरही नजर ठेवली.

सोमवारी मृदुलाने ती बेचाळीस पानं परत काढून वाचली. एकोणतिसाव्या पानावर ती थांबली. रक्तदाबाच्या गोळ्यांचा नमुना तोलल्याची छापील पावती होती, वेळ आठ बावन्न. तो काटा त्या सकाळी तपासून सुरू केल्याची हाताने लिहिलेली नोंद होती नऊ पाचची. म्हणजे काटा तपासण्याआधीच नमुना तोलला होता, किंवा मुळात तोललाच नव्हता. तक्ता हार्दिकचा होता. सत्तावीस वर्षांचा, हुशार, कामाला भरभर.

तिने पावती त्याच्यासमोर धरली. “ही वेळ बघ.”

हार्दिकने पाहिलं आणि गोंधळून म्हणाला, “मॅडम, तमे तो सही करी दीधी छे ने?”

तुम्ही तर सही केलीत ना, यात मृदुलाला उर्मटपणा ऐकू आला. याला माहीत होतं, ती मनाशी म्हणाली. बाई दमलीय, शुक्रवारी वाचणार नाही, हे हेरून यानेच हे पान ढिगात सरकवलं. एरवी तिने काट्याची नोंदवही पुढे उलटून पाहिली असती. त्या दिवशी ती वही मिटून ठेवून जागेवर जाऊन बसली.

तो माल गुरुवारी बाहेर पडणार होता. हार्दिकचं पान वर नेलं तर न वाचता केलेली तिची सही उघडी पडणार होती, आणि अशा सहीवर नोकरी जाते. बडोद्याच्या औषध कंपन्यांत असली बातमी माणसाआधी पोहोचते. दुसरीकडे दार उघडणं कठीण. गप्प बसलं तर कदाचित कुणालाच काही कळणार नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी चर्चचे पाळक आले. भास्करराव पाळक होण्याआधी एका कारखान्यात हजेरी लिहायचे, त्यामुळे बोलणं मोजकं. पद्माबाईंनी चहा-चिवडा ठेवला आणि ऐकू येईल इतक्याच अंतरावर लसूण सोलत बसल्या.

“लोक बोलतायत म्हणून आलात ना, पाळकसाहेब?” मृदुलाने विचारलं.

“हो. आणि तुझ्या सासूबाई फोनवर रडत होत्या म्हणून.”

लसणाचा आवाज थांबला.

“आता म्हणाल, सगळा भार प्रभूवर टाक. प्रभू वजनाच्या पावत्या तपासतो का?”

“नाही तपासत,” भास्करराव म्हणाले. “ताट का सोडलंस?”

तिने सांगितलं. न वाचता सह्या केल्या होत्या, म्हणून ताट घेववलं नाही. बेचाळीस पानं, पावती, हार्दिक. सांगताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे बारकाईने बघत होती. हे मंडळीत किती जणांना सांगतील? की नाव न घेता पुढच्या रविवारच्या उपदेशात घालतील? भास्कररावांनी चिवडा संपवला.

“त्या मुलाचं पान बाजूला ठेव. तुझी एक्केचाळीस कुणाला सांगणार आहेस?”

“नोकरी जाईल.”

“जाईल कदाचित. पण जे लपवलंय त्याच्यापायी तुला झोप लागत नाहीये, हे डोळ्यांखाली दिसतंय.” मग त्यांनी अगदी लहान प्रार्थना केली. धीर मागितला, नोकरी मागितली नाही. मृदुलाला ते खटकलं. नोकरीही मागायला काय हरकत होती?

बुधवारी सकाळी दहाला तिने स्वतःविरुद्ध कागद लिहून गुणवत्ता विभागाच्या साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि दार लावून घेतलं.

“कोणत्या कंपनीची ऑफर आहे, मृदुलाबेन?”

“ऑफर नाही, सर.”

“मग युनियन?”

“नाही.”

“तर स्वतःहून कोण असं लिहितं?”

“मी ख्रिस्ती आहे, सर,” ती म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं की हे उत्तर त्यांना ऑफरपेक्षाही संशयास्पद वाटलं असणार.

माल अडवला गेला. बेचाळीस पानं दुसऱ्याकडून तपासून घेतली. दोन दिवसांनी निकाल आला: सगळी बरोबर, हार्दिकचंही. त्या सकाळी वीज गेली होती आणि काट्याचं घड्याळ बावीस मिनिटं मागे पडलं होतं; म्हणजे नमुना खरा नऊ चौदाला तोलला होता. हार्दिकने ते काट्याच्या नोंदवहीत पुढच्याच पानावर लिहिलं होतं. शुक्रवारी तो मुद्दाम तिच्या टेबलाशी येऊन तोंडीही सांगून गेला होता. “मॅडमने हं म्हटलं,” असं त्याच्या जबाबात होतं. मृदुलाला ते आठवत नव्हतं.

तिला लेखी ताकीद मिळाली. शिक्षा म्हणून सहा महिने दिवसाला पंधराच तक्ते, साडेपाचनंतर सही बंद, रविवारी फोन बंद. ज्या गोष्टी अर्ज करून मिळाल्या नव्हत्या त्या शिक्षा म्हणून मिळाल्या. पहिल्या संध्याकाळी ती उजेडात घरी आली तेव्हा पद्माबाई म्हणाल्या, “गेली ना नोकरी? खरं सांग.” मृदुला जेवली आणि सकाळपर्यंत झोपली. देवाने काही केलं असं ती म्हणत नाही. सकाळी पाच मिनिटं बसते, दोन-तीन वाक्यं बोलते, कामाला जाते. कधी ती वाक्यंही सुचत नाहीत.

राहिला हार्दिक. मंडळीने तिच्यावर लादलेलं वैर आता खरोखरच निघालं होतं, फक्त ते एका पटेलाच्या मुलाशी होतं. सोमवारी ती त्याच्या टेबलाशी गेली.

“तू लबाडी केलीस असं मी धरून चालले होते. चूक माझी होती. माफ कर.”

हार्दिकने आधी तिच्या मागे कुणी उभं आहे का पाहिलं. “मॅडम, एचआर ने बोला क्या?”

“नाही.”

“तो फिर? फाइल में कुछ और निकला?”

“काही नाही निकला. माफी मागायला आले.”

त्याने हातातलं पेन तिच्यापुढे सरकवलं. या प्रयोगशाळेत जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, हे त्याला तिनेच शिकवलं होतं. “तो लखी आपो,” तो म्हणाला.

लिहून द्यायचं म्हणून तिने त्याचा तक्ता मागवून शेऱ्याच्या जागी लिहिलं: ‘घड्याळाबद्दल विश्लेषकाने शुक्रवारी मला तोंडी सांगितले होते. मी ऐकले नाही. दोष माझा.’ खाली सही, तारीख, वेळ.

हार्दिकने पान उजेडाकडे धरून सावकाश वाचलं, भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहिली, आणि मगच तो तक्ता फायलीत लावला.