मागचं बटण

भुताखेताचा किस्सा ऐकला की माझा पहिला प्रश्न ठरलेला — अर्थिंग तपासलं होतं का? माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे. आपोआप फिरणारे पंखे, लुकलुकणारे बल्ब, सगळ्यांची कारणं मी आजवर शोधून दाखवली आहेत. त्यामुळे इथे लिहिताना माझंच मला हसू येतंय... तरी लिहिते.

आमचं गाव म्हसावद, तालुका शहादा. घरामागे, केळीच्या बागेला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे मी आणि माझे मिस्टर, योगेश, लाकडी दरवाजे आणि देवघरं कोरतो, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. मशीनला जास्तीची बटणं आणि सेन्सर जोडायला जागाच उरली नव्हती, म्हणून मी एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड यूएसबीने सॉफ्टवेअरला जोडला. भुसा ओढणारा पंखा, दिवे, बटणं — सगळं त्यावर. प्रोग्राम माझा, वायरिंग माझं. काम चोख झालं होतं, उगाच नम्रपणा कशाला?

माझे सासरे, आप्पा, जुने सुतार. त्यांची एकच कटकट होती, मशीन थांबवायचं बटण फक्त पुढच्या बाजूला आहे. "पुढे उभा ऱ्हास तेन्हाजोडे बटन शे. मांगे उभा ऱ्हास तेनं काय?" मशीनचा आडवा पूल, म्हणजे कोरणारं टूल धरणारा लोखंडी भाग, धावत पार मागच्या भिंतीपर्यंत जातो. तिथे माणूस असला तर चेंगरेलच. मला पटलं. बोर्डवरचं आठवं इनपुट मी त्यासाठी राखून ठेवलं. बटण दाबलं की मशीन थांबणार आणि स्क्रीनवर 'मागचं बटण दाबलं' असं दिसणार. आप्पा स्वतः नंदुरबारहून लाल बटण घेऊन आले. ते दाबलं की आतच अडकतं, पिळलं तरच वर येतं.

बटण बसवायच्या आधीच आप्पा गेले. झोपेतच.

सासूबाईंनी ते बटण शेडमधल्या फळीवर, आप्पांच्या चष्म्याशेजारी ठेवलं. मी मागितलं तर म्हणाल्या, "त्यासना हातनी वस्तू शे. ऱ्हाऊ दे तठेच." मी वाद घातला नाही. दुसरं येईपर्यंत आठव्या इनपुटवर तारेचा तुकडा लावून स्क्रू आवळला, म्हणजे बटण आहे आणि दाबलेलं नाही असं सॉफ्टवेअरने समजावं.

हे घडलं त्या दुपारी योगेश बाहेर टेम्पोत दरवाजे चढवतोय असं मी धरून चालले होते. मी स्टार्ट दिलं. पूल मागे निघाला... आणि मध्येच थांबला. स्क्रीनवर — 'मागचं बटण दाबलं'.

मी चिडले. तार सैल झाली असेल म्हणून मागे गेले, तर पूल आणि भिंतीच्या मध्ये योगेश बसलेला. भुशाचा पाइप तुंबला म्हणून शिरला होता, पंख्याच्या आवाजात मला पत्ताच नाही. पूल त्याच्या केसांना जेमतेम टेकला होता.

"काय व्हयनं? बंद कसं पडनं?" तो मलाच विचारत होता. मी त्याला बाहेर ओढलं, दोन शिव्या घातल्या आणि मग ढसाढसा रडले.

शांत झाल्यावर बोर्ड उघडला. तार जागेवर, स्क्रू घट्ट. मीटर लावला — सर्किट पूर्ण, म्हणजे 'दाबलेलं नाही'. तरी स्क्रीनवरून मेसेज जाईना. बोर्ड बंद करून चालू केला, कॉम्प्युटरही केला, केबल बदलली. मेसेज तसाच.

तेव्हा माझी नजर फळीवर गेली. ते लाल बटण, ज्याला एकही तार जोडलेली नाही, दाबलेलं होतं. आत अडकलेलं. मी उचललं आणि पिळलं. टक्. स्क्रीनवरचा मेसेज गेला.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. "त्यासनीच दाबं व्हई," म्हणाल्या आणि पुढची जुडी घेतली.

मंडळी, तुम्ही म्हणाल तारेत नॉइज, म्हणजे चुकीचा सिग्नल आला असेल, बोर्ड हँग झाला असेल. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हणाले असते. सगळं तपासून झालंय. माझ्या वायरिंगमध्ये चूक नव्हती, हे आजही ठामपणे सांगते.

आता मागे नवं बटण आहे, नवव्या इनपुटवर. रोज सकाळी मी ते दाबून बघते. आठव्याला हात लावलेला नाही. आणि योगेश पाइप साफ करायला निघाला की आधी मला सांगतो, मग फळीकडे बघून म्हणतो, "आप्पा, मी मांगे जाई ऱ्हायनू."