धनीराम ढिवराची ओंजळ

सज्जनहो, देवाने कुणाच्या कंठी गाणे दिले, कुणाच्या हाती माग दिला. लाखनीजवळच्या आमच्या गावच्या धनीराम ढिवराला त्याने दिला तो दीर्घ श्वास. तलावात कुणी बुडाले की त्याला बोलावणे येई. तो काठाशी वाके, ओंजळभर पाणी पिई, बुडालेल्याच्या नावाने हाक मारी आणि मगच बुडी घेई. "ज्याचं पानी पोटात, त्याच्या पोटात जाले भेव नाही," असे तो म्हणे. पाणी प्यायले, म्हणजे तलावाची आज्ञा मिळाली. ज्याचा लेक त्याच्या मांडीवर त्याने आणून ठेवला, आणि त्या कामाचा कधी विडाही घेतला नाही.

त्याचा एकुलता श्रावण त्याच्याच हाताखाली बुडी शिकला. अठ्ठ्याऐंशी साली कोकणातल्या राखीव समुद्रात पोवळ्यांची पाहणी करणाऱ्यांना बुडी मारणारे हवे होते. श्रावण गेला. दिवाळीला तो यायचा. आली ती तार. खडकांजवळ उतरला, वर आलाच नाही.

"आनतो त्याले," एवढेच धनीराम बायकोला, जानकीबाईला म्हणाला आणि निघाला.

काळ्या खडकांवर रखवालदाराने त्याला अडवले. "काका, हे राखीव आहे. इथला शिंपलासुद्धा बाहेर न्यायचा नाही."

"शिंपला ठेवा तुमच्यापाशी, साहेब. मी माहा पोरगा नेतो."

रखवालदाराने मान खाली घातली आणि वाट सोडली.

धनीराम वाकला. जन्माच्या रीतीने ओंजळ भरली, ओठांना लावली. खारे पाणी नरड्यातूनच परतले. पुन्हा भरली, पुन्हा उलटली. लाट पायांशी येई, माघारी जाई. ये म्हणून म्हणेना. परक्यांच्या लेकरांसाठी ज्याने तळाचा गाळ चाचपला, तो आपल्या लेकराच्या पाण्याकाठी उभा राहिला आणि उतरू शकला नाही. दिवस मावळेतो नुसती हाक मारत राहिला.

जानकीबाई दारातच होती. तिने रिकामे हात पाहिले.

"पानी पेल्या गेलं नाही वो," तो म्हणाला. "समुद्रानं मले येऊ देल्लं नाही."

 ती हळूच म्हणाली, "मंग आपल्या श्रावननं कसं पेलं असन जी?"

बुडालेल्यांसाठीची बोलावणी पुढेही येत राहिली. धनीराम जाई. काठाशी ओंजळ भरी, कमरेच्या पुरचुंडीतले मीठ तीत विरघळवी आणि डोळे मिटून पिई.