निर्गुडीला न सांगितलेलं नाव

वरवट बकालच्या वच्छलाबाई सुजलेल्या सांध्यांवर निर्गुडीचा पाला बांधतात. तोडण्याआधी झुडपाला दुखणाऱ्याचं नाव सांगायचं, ही त्यांची रीत. नवऱ्याचा गुडघा सुजला, तेव्हा मात्र त्या "आमच्या घरच्यांसाठी" एवढंच म्हणाल्या. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? सूज उतरली नाही. ते कण्हतच गेले.

पुतणी सुचिता प्रयोगशाळेत याच पाल्याचा अर्क तपासते. "काकू, शरीरातल्या रक्षक पेशी चवताळल्या का सूज येते. पाल्यातले घटक त्याइले शांत करतात. नावगाव काही लागत नाही."

"मंग ह्याइचीच सूज काऊन नाही उतरली वं?"

सुचिताचे प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर. बशीतल्या पेशींना नाव न घेणारी बायको नसते.

आता वच्छलाबाई रोज झुडपाला स्पष्ट सांगतात, "पंजाबराव." गरम पाला रिकाम्या खाटेवर ठेवतात. हल्ली कण्हणं कमी ऐकू येतं, म्हणाल्या.