वावरात वळवलेलं तेल

सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयाचं कुलूप काढत होते, तेव्हा भाच्याचा फोन आला. "आत्या, आण्णा गेले," एवढंच तो म्हणाला. आजारी नव्हता आण्णा. आदल्या संध्याकाळी भाकरी खाऊन ओट्यावर बसला होता, शेजाऱ्याशी पाळीच्या पाण्याबद्दल बोलला होता. पहाटे झोपेतच हृदय थांबलं. ओतूरहून कळंबला जायला एरवी मला एसटी बरी वाटते, पण त्या दिवशी जावेच्या मुलाने गाडी काढली. वाटेत नारायणगावला पेट्रोलसाठी रांगेत थांबावं लागलं. भाऊ घरात निजवलेला आणि मी पंपावर आमची पाळी कधी येते ते बघत बसलेली. त्या वेळी आण्णा शेजारी असता तर काचेतून बाहेर बघत राहिला असता.

माझा हा थोरला भाऊ, रामदास. घरात आणि गावात सगळे त्याला आण्णाच म्हणायचे. आमचं कळंबचं वावर हायवेच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून. आयटीआय झाल्यावर कुणाच्या तरी ओळखीने तो मुंबईला गेला आणि समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. डोंगराच्या कुशीतल्या आमच्या घरात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. आई शेजारणींना सांगायची, "आमचा रामदास पान्यावर नोकरीला हाय." सुट्टीवर आला की त्याच्या कपड्यांना एक वास असायचा, कितीही धुतले तरी न जाणारा. त्याच पगारावर माझं शिक्षण झालं, लग्न झालं, घराला स्लॅब पडला आणि ओढ्याकाठची विहीर बांधून निघाली.

एका पावसाळ्यात समुद्रातली तेलाची पाइपलाइन फुटली. आण्णाची बोट तरंगते रबरी बांध घेऊन तेल अडवायला गेली, पण लाटा मोठ्या होत्या, तेल बांधावरून उड्या मारून जायचं. वाऱ्याने ते कोकणच्या एका किनाऱ्याला लावलं आणि मग फावडी-घमेली देऊन बोटीवरच्या याच माणसांना वाळू उचलायला किनाऱ्यावर उतरवलं. हे त्याने मला सांगितलं ते कितीतरी वर्षांनी, मंचरच्या दवाखान्यात आईच्या खाटेशी बसून. "नंदा, हाताला ते असं चिकटायचं की साबनानं निघंना, मातीनं निघंना. शेवटी रॉकेलनं हात धुतले. तेल काढाया पुन्हा तेलच." त्या किनाऱ्यावर एक म्हातारी कोळीण शिंपल्याने जाळं खरवडत बसलेली असायची. कामकऱ्यांना ती काळा चहा करून द्यायची. एकदा तिने विचारलं, तुझ्या गावाला समुद्र आहे का? हा म्हणाला, नाही, आमचं गाव घाटावर. मग तुमच्या गावाला एवढं तेल कशाला लागतं, असं तिने अगदी साधेपणाने विचारलं.

"तू काय म्हनलास?" मी विचारलं.

"काय म्हननार? मागं तिचीच होडी व्हती, तिच्यातबी डिझेलचं कॅन व्हतं. तिनं तिकडं बघितलं, मीबी बघितलं. मग आमी दोघंबी चा पीत बसलो."

बोलता बोलता त्याने आईच्या हाताला लावलेली सलाइनची नळी बोटांत धरली. आतून थेंब थेंब पडत होतं. "ही प्लॅस्टिकची नळीबी त्याच तेलातनं आलेली," तो म्हणाला. "हिच्यावर आई जगतीया. सांग, कुनाला नावं ठेवायची?" आई त्या दुखण्यातून उठली आणि पुढे काही वर्षं आमच्यात होती.

त्या पावसाळ्यानंतर आण्णा नोकरी सोडेल असं सुमनवहिनीला वाटलं होतं. त्याने सोडली नाही. घर त्याच्यावर होतं. बोटीवरचं काम संपवून तो कायमचा गावी आला, तेव्हा गावचं रूपही बदललेलं होतं. टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरलेला चकचकीत प्लास्टिकचा मल्चिंग पेपर, सगळीकडे ठिबकच्या नळ्या, पिकअपमध्ये रचलेले प्लास्टिकचे क्रेट. आण्णाने यातलं काही नाकारलं नाही, ठिबक त्यानेही केलं. पीक निघाल्यावर मात्र तो फाटका मल्चिंग पेपर मातीतून तुकडा तुकडा वेचून काढायचा. लोक बांधावर पेटवून मोकळे होतात. हा पोत्यांत भरून मंचरच्या भंगारवाल्याकडे न्यायचा. लोक हसायचे. "आण्णा, बोटीवर लई साफसफाई केली म्हनं?" तोही हसायचा. उपदेश त्याला कधी जमलाच नाही.

आणि मग तो टँकर. त्या वर्षी यात्रेसाठी मी माहेरी आले होते. दुपारची जेवणं उरकून आम्ही ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात हायवेकडून मोठा आवाज झाला. जाऊन बघतो तर वळणावर डिझेलचा टँकर आडवा पडलेला. ड्रायव्हरला लोकांनी बाहेर काढलं होतं, त्याचा फक्त हात मोडला होता. पण टँकरच्या पोटातून धार लागली होती आणि ती उताराने आमच्या ओढ्याकडे निघाली होती. बघता बघता लोक हंडे, बादल्या, फवारणीच्या टाक्यासुद्धा घेऊन धावले. शेजारचे बबनराव आम्हाला ओलांडून पळताना ओरडले, "आण्णा, अवं कॅन आना कॅन!"

आण्णा म्हणाला, "बबन, आदी तोंडातली बिडी इझव." आणि तो उलट दिशेला, ओढ्याकडे पळत सुटला. त्या वयात त्याला असं पळताना मी पाहिलं नव्हतं. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलेलं, त्यामुळे ओढा वाहत होता, आणि पाण्यावर लालसर साय पुढे पुढे सरकत होती. खाली बंधारा. गावाच्या पिण्याच्या पाण्याची मोटर तिथे बसवलेली. आण्णाने गोठ्यातली भुसकटाची पोती ओढून आणली आणि ओढ्यात आडवी टाकली. मी आणि भाचा त्याच्या हाताखाली होतो. थोडा वेळ तेल थबकलं, मग पोत्यांच्या कडेने वाट काढू लागलं. तेव्हा तो उभा राहिला आणि त्याने आमच्या वावराकडे पाहिलं. ओढ्यापेक्षा वावर खाली आहे, मधे फक्त मातीचा बांध. वावरात कांदा काढणीला आलेला, पात माना टाकू लागलेली.

त्याने फावडं घेतलं आणि बांध फोडायला सुरुवात केली.

वहिनी मागून धावत आली. "अवं, कांदा हाय त्यात!"

"म्हाईत हाय."

"अन् आपली हीर?"

त्याचे हात क्षणभर थांबले. विहीर तिथेच, वावराच्या कोपऱ्यात होती. "खाली सगळं गाव पितंय, सुमन," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मला वाटलं, वहिनी त्याचा हात धरेल. तिने पदर खोचला, गोठ्यातून दुसरं फावडं आणलं आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला उकरायला लागली. तिचे डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. थोड्या वेळाने बबनराव आले. भरलेला हंडा रस्त्यावरच ठेवून आले होते. त्यांच्यामागून आणखी चार माणसं आली. बांध फुटला आणि तेलकट पाणी कांद्याच्या सऱ्यांमध्ये शिरलं. संध्याकाळी अग्निशमनची गाडी पोचली तेव्हा सगळं वावर एक चमकतं डबकं झालं होतं, आणि बंधाऱ्यापर्यंत गेला होता तो केवळ एक पुसट तवंग. मोटर काही दिवस बंद ठेवली, मग पाणी पुन्हा सुरू झालं.

कांदा गेला. ग्रामसभेत सत्कार ठरला, आण्णा गेला नाही. मी रागावले तेव्हा म्हणाला, "ज्या तेलावर आपलं घर उभं ऱ्हायलं, ते येकदा घरी आलं, येवढंच झालं. त्याचा हार काय घालून घ्यायचा?" त्या वावरात पहिल्या वर्षी काही उगवलं नाही. तो शेणखत घालत राहिला, नांगरत राहिला. ताग पेरला, तो पिवळा पडला, पुन्हा पेरला. हळूहळू कडेकडेने हिरवं दिसू लागलं, मधला पट्टा मात्र अजूनही खुरटाच आहे. विहिरीच्या पाण्याला वास मारायचा. वहिनी पिण्याचं पाणी दुसऱ्याच्या विहिरीवरून आणायची, आणि त्याबद्दल तिने त्याला कधी बोल लावला नाही... निदान माझ्यासमोर तरी नाही.

दहावा झाल्यावर पाहुणे पांगले, मी मागे राहिले. सकाळी वहिनीबरोबर ओढ्याकडे गेले. तिने विहिरीतून बादली शेंदली, तांब्या भरला आणि नाकाशी नेऊन डोळे मिटले. मी विचारलं तशी म्हणाली, टँकर पडल्यापासून आण्णा रोज सकाळी हे करायचा. वास गेला, गेल्या वर्षीपासून घरात हेच पाणी प्यायला लागले, तरी त्याने सोडलं नाही. "मी चिडायची. म्हनायची, आता काय हुंगताय, कवाच गेलं ते. तर म्हनायचे, गेलं म्हनून इसरायचं नसतं."

तिने पुन्हा एकदा तांब्या नाकाशी धरला. ऊन नुकतंच बांधावर आलं होतं. मग तांब्या माझ्या हातात देत म्हणाली, "पी. चांगलं हाय आज."