हवेतली मिसरी

आमच्या बेंबळीत हवा कुणी मोजत नाही. उन्हाळ्यात ती डोळ्यांत जाते, तेवढ्यावर भागतं. पण माझी नात कोकणात समुद्राकाठी हवा मोजायच्याच नोकरीला लागली आणि मागच्या हिवाळ्यात मला थोडे दिवस घेऊन गेली. तिच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर एक पांढरी पेटी होती. पेटी दिवसभर हवा ओढायची, आणि त्यात धूर-धूळ किती, ते नातीच्या मोबाईलवर रेघेसारखं उमटायचं.

डॉक्टरांनी माझं तोंड बघून दम भरला होता, म्हणून मिसरी सोडल्याचं मी नातीला सांगितलं होतं. सांगितलं होतं, एवढंच. पुडी लुगड्याच्या घडीत होती. नात आंघोळीला गेली की मी गच्चीवर जायची, नारळाची करवंटी पेटवायची आणि लहान तव्यावर चिमूटभर तंबाखू काळा करायची. सगळा एकदम भाजला तर वास फुटतो, म्हणून रोज थोडा. वर वारं लई. आडोसा एकच, ती पेटी.

चोरी मला नवी नाही. नवी नवरी होते तेव्हा मी मिसरीची डबी हळदीत पुरून ठेवायची. काळ्या दातांवर पदर धरून सासूबाईंसमोर उभी राहायची आणि वाटायचं, काय हुशार आहे मी! एकदा त्या म्हणाल्या, "पोरी, आमटीला तंबाखूचा वास येतोय गं." त्यावर मी येडी म्हणते कशी, "व्हय आत्याबाई, हळदच खराब निघाली."

आठवड्याभरानं नात तोंड पाडून बसली. रेघेला रोज सकाळी एक टोक यायचं, आणि नेमक्या त्याच वेळी मासेमारीच्या होड्या धक्क्याला लागायच्या.

"आजी, डिझेलचा धूर दिसतोय. तसं कळवलं तर त्या होड्या इथनं हलवतील. आन् माझा पहिलाच अहवाल हाय. चुकला तर?"

समोरच्या मासळीवालीच्या नवऱ्याची होडी तिथंच लागायची. मी पदर तोंडावर धरला.

"टोक लई उंच हाय का गं?"

"लई."

खरं सांगते, जरा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी मी तवा काढलाच नाही. होड्या आल्या, टोक आलं नाही. नात मोबाईलकडं बघत राहिली. मग गच्चीवर गेली, पेटीमागची राख बघून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आजी, आ कर."

"दात बघून बैल घेतात. आजी न्हाय."

"पुडी दे."

दिली.

"दुसरी?"

तीही दिली. पोरगी माझ्यावरच गेलीय.

पुढं आठवडाभर तिनं नव्यानं हवा मोजली. मी बडीशेप चावत, चिडचिड करत बसले. रेघ सपाट राहिली. होड्या जागच्या जागी राहिल्या आणि अहवाल गेला. साहेबांचा फोन आला, की आधीच्या त्या टोकाचं कारण काय? नात गंभीर आवाजात म्हणाली, "स्थानिक कारण होतं सर. बंद केलंय."

समुद्र पहिल्यांदाच बघायला गेलेली मी, धाराशिवची म्हातारी. दोन आठवड्यांत कागदोपत्री कोकणातली झाले.