खालांच्या बॅगेतलं तेल

माझा स्वभाव तापट आहे, हे इथे आखातात आमच्या अल मनखूलच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे डॉक्टरांनी नाही म्हटलं तेव्हा मी त्यांच्याशीही भांडले. नवऱ्याला जठराचा कॅन्सर. तिसरी केमो झालेली आणि माणसाच्या पोटात पाण्याचा घोट टिकत नव्हता. ब्याऐंशी किलोचा साइट इंजिनीअर, एकसष्टवर आला होता. उलटीच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, सगळं झालं. मोबाइलवर मी वाचलं होतं की काही देशांत अशा पेशंटला गांजापासून केलेलं औषध डॉक्टरच लिहून देतात. कोण पात्र, त्याची यादीही होती. कॅन्सर हवा, केमोची मळमळ हवी, नेहमीच्या औषधाने गुण आलेला नसावा, वजन उतरत असावं. आमचा माणूस एकूण एक अटीत बसत होता.

डॉक्टर इजिप्तचे, वयस्कर, शांत. माझा मोबाइल त्यांनी हातात घेऊन यादी वाचली. म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. तिकडे असतात तर मी आजच लिहून दिलं असतं. इथे नाही. इथे हा शब्द फोनवर टाइपसुद्धा करू नका. खलास."

"म्हणजे विमानात बसलं की माणसाचा आजार बदलतो का?" मी विचारलं. नवऱ्याने टेबलाखालून माझा हात ओढला. डॉक्टरांनी नवीन गोळी लिहून दिली. तीही दुसऱ्या दिवशी बादलीत पडली.

माझा धाकटा भाऊ ठाण्याला असतो. रात्रंदिवस दाजींची काळजी करणारा. त्याने शोधून काढलं की आपल्याकडे आयुर्वेदात भांगेच्या पानांचं तेल वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. रिपोर्ट दाखवून त्याने चिठ्ठी आणलीसुद्धा. तिचा फोटो मला पाठवला. शिक्का, सही, आणि मध्ये निळ्या शाईत लिहिलेलं, 'रुग्ण सदर औषधास पात्र आहे.'

"ताई, कायद्याने आहे सगळं. पाठवू?"

"तिकडच्या कायद्याने रे बाबा. इकडच्या नाही."

"एवढीशी बाटली. कोण बघतंय?"

कोण बघतंय हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघते. खोक्यात काय आहे ते कागदावर खरं लिहिलंय की नाही, हे तपासायचा मला पगार मिळतो. बंदी असलेल्या वस्तूंची यादी मला तोंडपाठ आहे. त्या क्षणी 'नको' म्हणायचं होतं. मी म्हटलं, "सांगते तुला."

आता खालांबद्दल सांगायला हवं. खाला आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहतात. रत्नागिरीकडच्या, साठी ओलांडलेल्या. त्यांना खाला अख्खी बिल्डिंग म्हणते, मग कुणी हिंदू असो, मल्याळी असो की पाकिस्तानी. इथली एक रीत आहे. कुणी गावी निघालं की त्याच्या बॅगेवर त्याचा हक्क निम्माच. जाताना लोकांची चॉकलेटं, येताना लोकांचे पापड, चष्मे, रक्तदाबाच्या गोळ्या, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. खाला तर दारोदार फिरून विचारायच्या, "काय गो, काय आणू?" त्यांची अट एकच. खसखस नको. इथे खसखशीला बंदी आहे, आणि मागे एकदा मुंब्र्याला भाचीच्या घरी कुणी अनारसे आणून दिले तर त्यांनी अख्खा डबा परत पाठवला होता. त्यावरची खसखस कोण निवडत बसणार! बाकी त्या काही उघडून बघायच्या नाहीत. आपण सांगू ते खरं. त्या महिन्यात त्या भाचीकडेच मुंब्र्याला गेल्या होत्या.

त्या आठवड्यात नवरा तीन दिवस उपाशी होता. बाथरूममध्ये भिंतीला धरून उभा राहायचा आणि मला बाहेर घालवायचा, मी बघू नये म्हणून. बुधवारी भावाचा फोन आला. "तुमच्या त्या वरच्या बाई शुक्रवारी निघतायत ना मुंब्र्याहून?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. त्याने पुढे काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. पण मी कशाला हो म्हणतेय हे मला पुरतं कळत होतं. मनाची समजूत अशी घातली की तो खालांना सांगेल, खाला नाही म्हणतील, आणि विषय संपेल. बघा कशी लबाडी असते माणसाची! नाही म्हणायचं कामसुद्धा मी दुसऱ्यावर टाकलं.

शुक्रवारी सकाळी अकराला मेसेज आला. 'ताई, काम फत्ते. केसांच्या तेलाच्या बाटलीत भरलंय. बाईंना काही बोललो नाही, उगाच घाबरतील. दोन थेंब जिभेखाली.'

मी लगेच खालांना फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मुंबईच्या घड्याळात साडेबारा वाजून गेले होते, विमान केव्हाच सुटलेलं. भावाला फोन करून मी अशा शिव्या घातल्या की तो रडायलाच लागला. "तूच तर हो म्हणालीस," एवढंच म्हणत राहिला. मी फोन ठेवून दिला.

नवऱ्याला सांगावं लागलं. मी हुंदके देतेय म्हटल्यावर तो उशीला टेकून उठून बसला होता. मी म्हटलं, "त्या गाढवाने परस्पर बाटली पाठवली खालांबरोबर. त्यांना पत्तासुद्धा नाही."

परस्पर. हा शब्द माझ्या तोंडून इतका सहज गेला की मलाच नवल वाटलं.

त्याचा चेहरा आधीच पांढरा होता, तो राखेसारखा झाला. "त्या बाईला आत टाकलं तर?" तो म्हणाला. "बासष्ट वर्षांच्या बाईला? पोराची नोकरी जाईल तिच्या. माझ्या दोन घोट पेजेसाठी?"

"कुणी म्हणतं जप्त करून सोडतात."

"आणि कुणी म्हणतं?"

कुणी म्हणतं वर्षं जातात. मी ते बोलले नाही. तो म्हणाला, "एअरपोर्टवर जा. सुटून आल्या तर आज, आत्ता, त्यांना खरं सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. आणि ते तेल मला नको. मेलो तरी नको."

खालांच्या मुलाला 'मी आणते त्यांना' असं कळवलं, खालांनाही तसा मेसेज टाकला आणि टॅक्सी पकडली. वाटेत डोक्यात नुसता गोंधळ. आधीच जाऊन अधिकाऱ्याला सांगावं का, की माझी चूक आहे, त्या बाईंना माहीत नाही? पण तसं सांगितलं तर त्यांची बॅग नक्की उघडणार. गप्प राहिले तर कदाचित सुटतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मी कंपनीत पाच मिनिटांत दहा निर्णय घेते, तिथे अरायव्हलच्या कठड्याला धरून मला एक घेता येईना. शेवटी मी गप्प राहिले. ते शहाणपण होतं की भित्रेपणा, हे मला आजही सांगता येत नाही.

बोर्डावर मुंबईचं विमान उतरल्याचं आलं. अर्ध्या तासात लोक बाहेर यायला लागले. दोरीने बांधलेली खोकी, झोपलेली लेकरं, फुलं घेऊन उभे नवरे. खाला नाहीत. पाऊण तास झाला. व्हीलचेअरवाले आले, विमानातला क्रू आला. खाला नाहीत. तिथे एक पोलीस सहज बाजूला येऊन उभा राहिला तर मी दोन पावलं मागे सरले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आणि फोन वाजला. खाला.

"काय गो, आलीस काय? थांब हां जरा. माझी बॅग बाजूला काढलीय. उघडतायत." आणि फोन कट.

पुढची वीस मिनिटं मी कशी काढली ते मला खरंच आठवत नाही. एवढं आठवतं की मी देवाला काही मागायला गेले आणि मागताच येईना. कुठल्या तोंडाने मागणार? आत त्या एकट्या होत्या, आमच्यावर विश्वास ठेवून.

मग काचेचं दार सरकलं आणि खाला आल्या. अंगात काळा पायघोळ अबाया, ट्रॉलीवर दोन बॅगा, चेहरा हसरा. मी धावत जाऊन त्यांना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "अगो, घाबरलीस कशाला? मशीनमध्ये मसाला दिसला, त्यांना वाटलं खसखस. माझ्या बॅगेत खसखस! हसायलाच आलं मला."

टॅक्सीत बसल्यावर त्या रंगात आल्या. "कस्टमचा पोरगा चांगला होता हो. सगळं काढून बघितलं त्याने. मग तुझ्या भावाची बाटली हातात घेतली, म्हणाला, माँ जी, ये क्या है? मी म्हटलं, सर का तेल है बेटा, बीमार आदमी का, खोल के देखो. त्याने वास घेतला, तोंड वाकडं केलं. त्याला काही पटेना. तर मी काय केलं, हातावर ओतलं थोडं आणि घातलं माझ्याच डोक्याला! त्याच्या समोर! म्हटलं, तू भी लगा, अभी से बाल जा रहे हैं तेरे. तो हसला आणि म्हणाला, यल्ला, जाओ."

त्या पोट धरून हसत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या केसांना तिळाच्या तेलाचा आणि ओल्या पाल्याचा उग्र वास येत होता. मला हसू येईना, रडू येईना.

"समजलं मला कशाला पाठवलंय ते," त्या हळूच म्हणाल्या. "केमोने केस गेले ना भाऊंचे. म्हणून जपून आणलं. टॉवेलात गुंडाळून."

आमच्याकडे आल्या त्या स्वतःच्या घरी न जाता. "आधी भाऊंना बघते," म्हणाल्या. बॅगेतून बाटली काढून त्यांनी ती नवऱ्याच्या उशाशी ठेवली. "रोज लावा हां भाऊ. इन्शाल्ला ईदपर्यंत पूर्वीसारखे येतील."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडायच्या आत मी बोलले. उभ्या उभ्याच बोलले, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं. "खाला, ते केसांचं तेल नाही. भांगेचं आहे. त्यांच्या उलट्या थांबाव्यात म्हणून. इथे त्याला बंदी आहे. आज सापडलं असतं तर तुम्हाला धरलं असतं."

खालांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. ओढणीवरून त्यांनी केस चाचपले आणि हात बाजूला घेऊन बघितला. मग खुर्चीवर बसल्या.

"मीच म्हटलं त्याला," त्या म्हणाल्या. "खोल के देखो. मीच म्हटलं."

त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक दुआ म्हणत असाव्यात. मी पाणी आणलं. ग्लास घेताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला जवळ ओढलं.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या भावाचं काम हे. शिकलेली पोरं, पण इथलं काही ठाऊक नसतं त्यांना. माया आंधळी असते गो. तुला काय माहीत असणार? तू तर इथे पेशंट सांभाळतेस."

नवरा मान हलवत होता. त्यालाही तेच माहीत होतं. मी नुसतं गप्प बसायचं होतं. भावाला मी फोनवर समजावलं असतं, त्याने आयुष्यभर दोष अंगावर घेतला असता, तेवढा तो माझा आहे. माझं मनगट अजून खालांच्या हातात होतं आणि त्यांचा अंगठा माझ्या हातावरून फिरत होता, लहान मुलाला निजवताना फिरवतात तसा.

मला ते सहन होईना.

"मला माहीत होतं, खाला," मी म्हटलं. "त्याने विचारलं होतं, तुम्ही शुक्रवारी येताय ना. कशासाठी विचारतोय ते मला कळलं होतं. मी हो म्हटलं."

अंगठा थांबला. मग हात सुटला. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

खाला उठून बाथरूममध्ये गेल्या. नळ जोरात सोडल्याचा आवाज आला, आणि तो कितीतरी वेळ बंद झाला नाही. बाहेर आल्या तेव्हा केस निथळत होते, अबाया खांद्यापर्यंत भिजला होता. आमचा साबण लावून त्यांनी डोकं धुतलं होतं. नवऱ्याजवळ थांबून म्हणाल्या, "भाऊ, पेज घ्या थोडी. उलटली तरी घ्या." मग दोन्ही बॅगा स्वतःच ओढत लिफ्टपाशी गेल्या.

मी टॉवेल घेऊन मागे धावले. "खाला, डोकं तरी पुसा. एसीत सर्दी होईल."

लिफ्ट येईपर्यंत त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. टॉवेल त्यांनी घेतला नाही.